विद्यापीठाची पायरी

विद्यापीठाचे दार उघडे असले तरी पायरी चढता येईलच असे नाही, हे आम्हां मराठवाड्याच्या लोकांस निराळे सांगावयास नको. माझे गोरेगाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. मराठी मुलास तेथे मज्जाव नव्हता. परंतु शिकविणे उर्दूतून, आणि शहर दूरचे. बुद्धी असूनही पुष्कळांचे शिक्षण तेथेच खुंटले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. हा आम्हांवर केलेला उपकार आहे, असे आम्ही कधी मानले नाही. तो आमचा हक्क होता.

अपंग विद्यार्थ्याची गोष्ट निघाली की मात्र हा न्याय आपण विसरतो. अलीकडे त्यांस दिव्यांग म्हणतात. शब्द चांगला आहे, पण शब्दाने पायरी बुटकी होत नाही.

माझ्या वर्गात पोलिओने पाय गेलेला एक मुलगा होता. शाळेस चार पायऱ्या. सोबती त्यास पाठुंगळी घेऊन चढवीत, आणि मी त्या सोबत्यांचे भर वर्गात कौतुक करी. पाठुंगळी बसणाऱ्यास काय वाटत असेल, हे मी एकदाही विचारले नाही. दहावीनंतर तो शहरातील एका महाविद्यालयात गेला. तेथे तास दुसऱ्या मजल्यावर, आणि सोबती गावी राहिलेले. सहा महिन्यांत तो परत आला. गणितात तो माझ्याहून हुशार होता.

कायद्याने १९९५ साली सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी निदान ३ टक्के जागा राखल्या. सार्वजनिक इमारतींस उतरते मार्ग करावे, असेही त्यात होते; परंतु 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत', आणि ती कुवत सहसा पायरीपाशीच संपे! २०१६ च्या अधिनियमाने उच्च शिक्षणातील राखीव जागा निदान ५ टक्के झाल्या. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जागा भरण्याबरोबर सुगमतेचीही दखल घेण्यास बजावले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची सुगमतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली निघाली. अंध विद्यार्थ्यास तर पायरीहून पुस्तकच अधिक आडवे येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून त्यांच्यासाठी केंद्र आहे. तेथे संगणक मजकूर वाचून दाखवितो.

अमेरिकेतही आरंभ असाच अवघड होता. १९६२ साली बर्कलेच्या विद्यापीठात एड रॉबर्ट्स हा पोलिओग्रस्त विद्यार्थी दाखल झाला, तेव्हा त्याचे अवजड श्वसनयंत्र वसतिगृहात ठेवता येईना. त्यास विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावे लागले. पुढे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले, आणि १९७० साली अपंग विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेले मदतकेंद्र तेथे उभे राहिले. काय हवे, हे त्यांस कोणी विचारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असा नियम आहे. एक फूट चढावयाचे तर बारा फूट लांबी. निवृत्तीनंतर एके दिवशी टेप घेऊन मी त्या शाळेत गेलो. चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. म्हणजे दोन फूट, म्हणजे चोवीस फुटांचा उतार. समोरचे पटांगण साठ फुटांचे भरले.