वैनगंगेचे दोन काठ आणि दारूबंदी

१/ चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल लागतो. १९९३ ते २०१५ या काळात या पुलाच्या अलीकडे परवान्याची दारू दुकाने उघडी होती आणि पलीकडे दारूविक्री हा गुन्हा होता. दोन्ही काठांवर सोयरीक एक, आठवडी बाजार एक. कायदे मात्र दोन. या भागातील दारूतस्करीचा इतिहास या विसंगतीत दडला आहे.

२/ त्याची सुरुवात इंग्रजी अमलात होते. जुना चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहाची फुले गोंड-माडिया कुटुंबांना अन्न म्हणून लागत, तशीच दारूसाठीही. देवाला आणि पूर्वजांना तिचे थेंब वाहिल्यावाचून कार्य पुरे होत नसे. अबकारी व्यवस्थेने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क ठेकेदाराच्या हाती दिला. त्याची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होई. घरची मोहाची दारू त्या दिवसापासून ‘बेकायदा’ ठरली. या जंगलात दारूचा पहिला गुन्हेगार कायद्याने असा घडवला. गांजा आणि अफूही याच अबकारी उत्पन्नाचा भाग होती.

३/ स्वातंत्र्यानंतर ठेकेदार गेला, तरी अबकारी उत्पन्नाची गोडी राहिली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा झाला. डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, आदिवासी कार्यकर्ते आणि गावोगावच्या स्त्रिया यांनी त्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी केली. मागणी वरून आलेली नव्हती. गावांनी ठराव केले होते. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

४/ पण बंदी जिल्ह्याच्या हद्दीपुरतीच. पश्चिमेला चंद्रपूर, पूर्वेला आजचे छत्तीसगड, दक्षिणेला आजचे तेलंगणा: तिन्हीकडे दारू खुली. बाटलीबंद माल नदी ओलांडून येई, तर आतल्या जंगलात मोह आणि गुळाचा सडवा ड्रममध्ये भरून पुरला जाई. पोलीस एक भट्टी फोडत, दुसरी नाल्याच्या वरच्या अंगाला पेटे. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट एकत्र आले. त्यात दारूसोबत तंबाखूही घेतली गेली. ते योग्यच होते. खर्रा हे या भागातील शाळकरी पोरांपर्यंत पोहोचलेले व्यसन आहे.

५/ इकडे चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने स्त्रियांना संघटित केले. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर स्त्रिया पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरही कोरडा झाला.

६/ आता सीमा सरकली. वर्धा जिल्हा आधीच कोरडा होता. म्हणून यवतमाळकडील वणी, नागपूर आणि तेलंगणा हे नवे पुरवठामार्ग झाले. खासगी मोटारींत चोरकप्पे बसले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवू पाहणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला त्याच गाडीने चिरडले. हातभट्टीवाल्याची जागा आता वाहने आणि पैसा बाळगणाऱ्या टोळीने घेतली होती, आणि तिला थोपवायला ठाण्यात मूठभर माणसे होती.

७/ रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. अवैध धंदा वाढला, स्त्रिया आणि मुले त्यात ओढली गेली, हे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. मात्र ज्या स्त्रिया नागपूरपर्यंत चालत गेल्या, त्यांनी मागितली होती ती अंमलबजावणी. तिच्या अपयशाचा दोष मागणीवर टाकला गेला.

८/ गडचिरोलीतही फेरविचाराची कुजबुज झाली, तेव्हा शेकडो गावांनी बंदी कायम ठेवण्याचे ठराव पाठवले. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तेथील बंदी टिकली. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरची दुकाने उघडली आणि वैनगंगेच्या पुलावर पुन्हा १९९३ सालचीच तपासणी सुरू झाली.