बाबासाहेबांचा जोडीदार : १९५२ ची मते नेमकी कुठे गळाली?

निवडणूक जवळ आली की आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. युती कुणाशी? साहेब कुणाला सोबत घेणार? अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी जोडीदार कोण निवडणार यावर तिथली वर्तमानपत्रे महिनोन्महिने तर्क लढवतात. २०२० मध्ये बायडन यांनी कमला हॅरिस यांना निवडले, २०२४ मध्ये हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांना. आपली पोरे तीही चर्चा हिरिरीने करतात. करू द्या. पण आपल्याच इतिहासात एक जोडीदार होता, ज्याच्यासोबत खुद्द बाबासाहेब दोनदा मतदारांसमोर गेले आणि दोन्ही वेळा पराभूत झाले. त्या जोडीचा हिशोब आपण नीट मांडलेला नाही. 'डांगेंनी पाडले' किंवा 'काँग्रेसने पाडले' एवढ्यावर आपण थांबतो. दोन्ही खरे आहे, पण अर्धेच.

आधी त्या काळची पद्धत समजून घेऊ, कारण आज ती अस्तित्वात नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजच्यासारखे स्वतंत्र राखीव मतदारसंघ फारसे नव्हते. बहुतेक राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघात होत्या. मतदारसंघ एक, खासदार दोन, त्यातली एक जागा अनुसूचित जातीसाठी. प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई, दुसरी बाद. यालाच लोक 'मत कुजवणे' म्हणत.

अमेरिकेतल्या जोडीत आणि या जोडीत मोठा फरक आहे. तिथे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना मिळून एकच मत पडते. जोडी फोडता येत नाही. गोऱ्या मतदाराला वरचा उमेदवार हवा असेल तर खालची काळी बाईही स्वीकारावी लागते. आपल्याकडे मतदाराला जोडी फोडायची पूर्ण मोकळीक होती. सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराला मत द्यायचे आणि राखीव जागेच्या उमेदवाराजवळ आले की हात आखडायचा, हे पडद्याआड सहज जमत होते. जातीला याहून सोयीची जागा कोणती?

आता उत्तर मुंबई. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. राखीव जागेसाठी फेडरेशनचे बाबासाहेब, सर्वसाधारण जागेसाठी समाजवाद्यांचे अशोक मेहता. हत्ती आणि वडाचे झाड. समोर काँग्रेसची जोडी : विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर. शिवाय कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. आकडे असे आहेत. गांधी १,४९,१३८. मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण मेहता आणि बाबासाहेब यांच्यातला फरक पाहा : १६,१६५. याचा अर्थ मेहतांना मत देणाऱ्या किमान एवढ्या लोकांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही. 'किमान' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण फेडरेशनचा असा मतदार असेल ज्याने हत्तीच्या पेटीत मत टाकले आणि वडाच्या पेटीत टाकले नाही, तर गळती त्याहून मोठी ठरते. मेहतांच्या सगळ्या मतदारांनी जोडीचा धर्म पाळला असता तर बाबासाहेबांना निदान १,३९,७४१ मते पडली असती आणि ते १,६०४ मतांनी निवडून आले असते. डांगे असोत वा नसोत.

आणि हा रोग एकट्या समाजवाद्यांचा नव्हता. काँग्रेसच्या जोडीतही गांधींना काजरोळकरांपेक्षा ११,००१ मते जास्त आहेत. काजरोळकर काँग्रेसचे निष्ठावान, बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिलेले, तरीही अकरा हजार काँग्रेस मतदारांचा हात त्यांच्या पेटीपाशी अडखळला. 'आज्ञाधारक' राहिल्याने जात विसरली जाते असे ज्या बांधवांना वाटते त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

डांगेंचा वाटा आम्ही लपवत नाही. कम्युनिस्ट प्रचाराने दुसरे मत कुजवा असे सांगितले, हा आरोप बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निवडणूक अर्जात केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचे त्यांनी मांडले. अर्ज फेटाळला गेला. पण डांगेंनी असे का करावे, हे समजले पाहिजे. या पद्धतीत आधी राखीव जागा सर्वाधिक मते मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या उमेदवाराला जाई, मग उरलेल्यांत जो पहिला त्याला दुसरी जागा. म्हणजे दुसऱ्या जागेसाठी राखीव गटातला उमेदवारही स्पर्धेत असे. तुमच्या मतदाराचे दुसरे मत तुमचाच प्रतिस्पर्धी वाढवू शकत होते. ही लबाडी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत सुरुवातीला निर्वाचकांना दोन मते असत. १८०० साली जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडून बरोबरी झाली, कारण एक मत वाया घालवायचे राहून गेले. त्यानंतर १८०४ मध्ये त्यांनी घटनाच दुरुस्त केली. त्यांना एक फटका पुरला.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तोच द्विसदस्य सापळा, तीच जोडी. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. आपली मते गेली, त्यांची आली नाहीत. त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगतात की दुसरे मत कुजवायचा आग्रह बाबासाहेबांना झाला होता आणि त्यांनी तो धुडकावला. ज्याने संविधान लिहिले तो मत वाया घालवा असे सांगणार नाही. मेहतांना मत दिल्याने बाबासाहेबांचे एकही मत कमी होत नव्हते, हेही लक्षात घ्या. कमी होत होते ते फक्त सौदा करायचे बळ. त्यांनी ते बळ सोडले, नियम सोडला नाही.

मग जोडीदार चुकला का? इथे तर्क करायला आम्हालाही आवडते. १९५२ मध्ये फेडरेशनचे लोकसभेत दोनच जण गेले. सोलापुरातून पां. ना. राजभोज, त्यांच्यासोबत त्याच मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. आणि हैदराबाद राज्यातल्या करीमनगरमधून एम. आर. कृष्णा, त्यांच्यासोबत पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे बद्दम येल्ला रेड्डी. म्हणजे जिथे आपण जिंकलो तिथे शेजारच्या जागेवर शेतकऱ्यांचा किंवा डाव्यांचा माणूस होता. मुंबईच्या शिकलेल्या समाजवाद्यांसोबत हरलो. यावरून कुणी लगेच 'डांगेंनाच सोबत घ्यायला हवे होते' म्हणेल. पण फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कम्युनिस्टांशी युती नाही हे स्पष्ट लिहिले होते, आणि बाबासाहेबांची त्यामागची भूमिका तात्त्विक होती. ती मोडून मिळालेली जागा कोणत्या कामाची?

आमचे म्हणणे वेगळे आहे, आणि त्यासाठी आपल्या कुलाबा जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या रायगडकडे, यावे लागेल. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी आणि भोवतालच्या गावांतल्या आगरी कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील पुढे होते. संप जवळजवळ सहा वर्षे चालला. लोक लाकडे फोडून जगले. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेली. त्या मोर्चात कम्युनिस्टही होते. त्याच काळात स्वतंत्र मजूर पक्षाने सवर्ण उमेदवार सर्वसाधारण जागांवर उभे केले आणि निवडून आणले : महाडचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर. हे तिकीट वाटपाच्या टेबलावर सापडलेले लोक नव्हते. टिपणीस यांनी महाड नगरपालिकेत अध्यक्ष असताना चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला होता, तोही आपल्या जातीची नाराजी ओढवून. चित्रे महाडच्या सत्याग्रहात होते. आधी काम झाले, जोडी नंतर झाली.

१९५७ हा त्याचा दुसरा पुरावा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फेडरेशन समितीत होती. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून कोण निवडून आले? फेडरेशनचे जी. के. माने आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्री. अ. डांगे. होय, तेच डांगे. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मते कुजवल्याचा आरोप होता ते आपल्या माणसाच्या शेजारच्या पेटीवर उभे राहिले आणि दोघेही जिंकले. कोल्हापुरात शेकापचे महागावकर आणि फेडरेशनचे दिगे. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड. डांगेंचे मन पालटले असे आम्ही मानत नाही. गिरण्यांमध्ये आणि रस्त्यावर एकत्र गोळ्या खाल्लेल्या मतदाराला दोन्ही पेट्या आपल्या वाटल्या, एवढेच.

ही पद्धत पुढे गेली ती आपल्या हरण्यामुळे नाही. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरम द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या. हरले कोण, तर पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले. आदिवासी माणूस सर्वसाधारण जागेवरही बसू शकतो हे दिसले आणि १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने रद्द झाले. बाबासाहेबांनी मात्र १९५५ मध्येच, भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात, वेगळा उपाय सुचवला होता : दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. तसे झाले असते तर मत कुजण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना जोडीदाराच्या कृपेवर नाही, रचनेवर भरवसा होता. या सूचनेवर आपल्या एकाही पक्षाने आंदोलन केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. २०१९ मध्ये एमआयएमसोबतच्या युतीत औरंगाबादची जागा इम्तियाज जलील जिंकले आणि प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले, तेव्हाही चर्चा जोडीदाराचीच झाली.

पेण तालुक्यात जितेसारख्या गावांत ही जोडी अजून जिवंत आहे, फक्त तिला आपण पॅनेल म्हणतो. ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन-तीन जागा, त्यातली एखादी राखीव. पॅनेलप्रमुख बौद्धवाड्यात येतो आणि विचारतो, "तुमच्यातला कोण देताय?" बहुतेक वेळा त्याला कोण नको हे आधीच ठरलेले असते. त्यावर वाड्यात रात्रभर वाद होतो, कुणाचा मुलगा, कुणाची सून. आमची सूचना आहे की वाद घालण्याआधी तहसील कचेरीतून मागच्या निवडणुकीचा निकालाचा तक्ता काढावा. त्याच पॅनेलच्या सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराला किती मते पडली आणि राखीव जागेच्या उमेदवाराला किती, हे शेजारी शेजारी लिहावे. मग पांढऱ्या मतपत्रिकेवर 'नोटा'ला किती आणि गुलाबी मतपत्रिकेवर किती, तेही. पुढच्या बैठकीला तो कागद खिशात असू द्या, आणि पॅनेलप्रमुखाने "कोण देताय?" विचारले की आधी तो त्याच्यापुढे ठेवा.