कर्टन कॉल

कर्टन कॉल : नाटक, ऑपेरा किंवा बॅलेचा प्रयोग संपून पडदा पडल्यावर टाळ्यांना प्रतिसाद म्हणून कलावंतांनी पुन्हा रंगमंचावर येऊन केलेले अभिवादन. मराठी नाटकवाल्यांमध्येही हाच इंग्रजी शब्द रुळला आहे. मुळात हे प्रेक्षकांचे बोलावणे होते. पडद्याआड गेलेल्या नटाला त्यांनी टाळ्या वाजवून बाहेर काढायचे. आज बहुतेक ठिकाणी मात्र तो प्रयोगाचाच ठरवून बसवलेला भाग असतो.

पूर्वपीठिका : टाळ्या मागण्याची रीत पडद्याहून जुनी आहे. प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांच्या सुखात्मिकांच्या शेवटी ‘आता टाळ्या वाजवा’ असे प्रेक्षकांना सरळ सांगितले जाई. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये जादू सोडून दिलेला प्रॉस्परो शेवटी एकटा उरतो आणि आपली सुटका प्रेक्षकांच्या हातांत आहे, असे सांगून टाळ्या मागतो. त्या काळी लंडनमध्ये खेळाच्या शेवटी नाच होई. थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने 1599 मध्ये ज्युलियस सीझरवरील शोकांतिका पाहिली. ती संपताच दोन नट पुरुषवेशात आणि दोन स्त्रीवेशात छान नाचले, अशी त्याची नोंद आहे.

वाकण्याची मुद्रा युरोपीय दरबारातून आली. एक पाय मागे घेऊन कमरेत वाकणे हा पुरुषांचा आणि गुडघे मुडपून खाली होणे हा स्त्रियांचा शिष्टाचार होता. नाटकमंडळ्या राजाच्या किंवा सरदाराच्या आश्रयाने चालत, त्यामुळे हे वंदन आश्रयदात्याला असे. पुढे तिकीट काढून येणारा प्रेक्षकच पोशिंदा झाला. मुद्रा तीच राहिली, वंदन घेणारा बदलला. बॅलेच्या रोजच्या वर्गाचा शेवट आजही शिक्षक आणि वादक यांना अशाच अभिवादनाने होतो.

प्रसार : 1743 मध्ये पॅरिसला व्होल्तेअरच्या ‘मेरोप’च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी लेखकालाच पुढे येण्याचा आग्रह धरला. लेखकाला असे बोलावल्याचा हा गाजलेला आरंभीचा प्रसंग मानतात. एकोणिसाव्या शतकात नामांकित नटनट्या आणि गायक यांच्याभोवती ही प्रथा फोफावली. कोणाला किती वेळा बाहेर बोलावले, हे लोकप्रियतेचे माप ठरले आणि माप आले तसा त्याचा व्यापारही आला. पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांचे ताफे बसत. त्यांना ‘क्लाक’ म्हणत. त्यांच्यातही कामाची वाटणी असे : कोणी मोठ्याने हसायचे, कोणी डोळ्यांना रुमाल लावायचा, कोणी पुन्हा गाण्याची मागणी करायची.

रीत : साधारणपणे छोट्या भूमिकांचे नट आधी येतात आणि प्रमुख कलावंत सर्वांत शेवटी. मग सगळे हातात हात गुंफून एका रांगेत, एकाच वेळी वाकतात. ऑपेरात प्रमुख गायिका विंगेत जाऊन संगीतसंचालकाला हाताला धरून आणते. तो खाली बसलेल्या वाद्यवृंदाकडे हात करतो आणि वादक उभे राहतात. बॅलेत नायिकेला पुष्पगुच्छ मिळतो. त्यातले एक फूल काढून ती आपल्या जोडीदाराला देते. जर्मन नाट्यगृहांत या अभिवादनाचा क्रम आधी ठरवून त्याची तालीम घेतली जाते.

मोजणीत पडदा एकदा उघडून मिटला की एक कर्टन कॉल धरतात. 1964 मध्ये व्हिएन्नात ‘स्वान लेक’ या बॅलेनंतर मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव या नर्तकांना 89 वेळा बाहेर यावे लागले. 24 फेब्रुवारी 1988 रोजी बर्लिनमध्ये ऑपेरा गायक लुचानो पाव्हारोत्तीला 165 कर्टन कॉल मिळाले. टाळ्या 1 तास 7 मिनिटे चालल्या होत्या. म्हणजे सरासरी दर 24 सेकंदांनी एकदा.

विरोध : मेलेला नायक उठून हसत नमस्कार करू लागला की उभा केलेला आभास मोडतो, हा या प्रथेवरचा जुना आक्षेप. 1882 मध्ये बायरॉइट येथे ‘पार्सिफाल’ या ऑपेराच्या वेळी कोणी पडद्यापुढे येणार नाही, असे त्याचा संगीतकार रिखार्ड वॅग्नरने सांगितले. टाळ्याच वाजवायच्या नाहीत, असा लोकांनी त्याचा अर्थ घेतला. पुढच्या एका प्रयोगात खुद्द वॅग्नरच ‘ब्राव्हो’ म्हणून ओरडला, तर प्रेक्षकांनी त्यालाच गप्प केले, असे सांगतात.

अन्य परंपरा : जपानच्या पारंपरिक नो नाट्यात असे अभिवादन नाही. नट लांब पुलावरून सावकाश निघून जातात आणि त्यांच्यामागून वादकही जातात. भारतीय परंपरेत वंदन मुख्यतः आरंभी येते आणि ते प्रेक्षकांआधी देवतेला, भूमीला व गुरूला असते. नाट्यशास्त्रातील पूर्वरंग आणि नांदी त्याच जातीची. भरतनाट्यमची नर्तकी ज्या भूमीवर पदाघात करायचे तिला आधी हात लावून नमस्कार करते. शेवटाला संस्कृत नाटकात भरतवाक्य आहे, पण त्यात सर्वांचे भले चिंतलेले असते. स्वतःसाठी दाद मागितलेली नसते. कथकलीची सांगताही ‘धनाशी’ या वंदनपर नृत्याने होते.

मराठी रंगभूमी : येथे दोन्ही रिवाज एकत्र नांदतात. पहिल्या प्रवेशापूर्वी नट विंगेतच वाकून रंगमंचाला हात लावतो आणि तो कपाळाशी नेतो. प्रयोग संपल्यावर पडदा पुन्हा उघडतो, नटसंच रांगेत उभा राहून हात जोडतो. अनेकदा एखादा ज्येष्ठ नट प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, नेपथ्य सांभाळणाऱ्यांची नावे घेऊन पडद्यामागच्या मंडळींनाही पुढे बोलावतो. संगीत नाटकाच्या काळात दाद देण्यासाठी शेवटाची वाट पाहावी लागत नसे. पद रंगले की तिथेच ‘वन्स मोअर’ येई आणि कथानक थांबवून गायक नट ते पुन्हा गाई. नाटक सुटल्यावर रंगपटात जाऊन नटांना भेटण्याची मराठी प्रेक्षकांची सवय अजून टिकून आहे. तिथे कर्टन कॉलची दिशाच उलटते : नट बाहेर येत नाही, प्रेक्षकच आत जातो. अर्धा रंग पुसलेला नट खुर्चीतून उठतो आणि आलेल्याला हात जोडतो.