मोहाचा वास आणि वाघाची खूण

आज नाकाविषयी बोलायचं आहे. सुरुवात ग्रंथातून न करता मोहाच्या झाडाखालून करू.

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहफुलं गळतात. उजाडता उजाडता बायामाणसं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. त्याच वासावर अस्वलही येतं. वाघाला फुलांशी कर्तव्य नाही, पण त्याची वाट तिथूनच जाते. फुलं वेचायला वाकलेली माणसं या हंगामात हल्ल्यात दगावतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. अस्वलाला फूल कळतं, वाघाला दुसरा वाघ कळतो. मग आपल्या नाकाला वाघ का कळू नये?

गंधाचा विचार आपल्याकडे जुना आहे. वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. वाऱ्यावर वास येतो तो वाऱ्याचा नव्हे, त्यासोबत आलेल्या पृथ्वीच्या सूक्ष्म कणांचा, असं ते म्हणत. आजच्या रेणूंपासून हे फार लांब नाही. पण अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह काढून बघा: रूपाचे प्रकार 7, रसाचे 6 आणि गंधाचे फक्त 2, सुगंध नि दुर्गंध! हा त्यांचा आळस नव्हे. वासांची मोजदाद खरोखरच अवघड होती.

ती का अवघड, हे कळायला 1991 साल उजाडलं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी घ्राणग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. डोळा रंगांचं काम तीन प्रकारच्या पेशींवर भागवतो. नाकाला मात्र माणसात सुमारे 400 आणि उंदरात हजाराच्या आसपास प्रकारचे ग्राहक लागतात. साधारणपणे एका घ्राणपेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो. पण एक रेणू अनेक ग्राहकांना जागं करतो, आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखतो. म्हणजे वास हा एक अक्षर नसतो, तो शब्द असतो. कोणकोणती अक्षरं एकत्र उमटली, यावरून मेंदू तो वाचतो.

आता वाघाकडे येऊ. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी वाघाच्या वासामागे वर्षानुवर्षं लागले होते. वाघ शेपटी उचलून झाडावर जी फवारणी करतो, तिच्यात त्यांना 2-असिटिल-1-पायरोलिन हा रेणू आढळला. 1990 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की बासमतीच्या सुवासाचा मुख्य घटक हाच! आणि पुढे मोहफुलातही त्यांनी तोच नोंदवला.

माणसाचं नाक या रेणूच्या बाबतीत मुळीच मंद नाही. पाण्याच्या हजार कोटी भागांत तो एक भाग असला तरी आपल्याला जाणवतो. म्हणजे वाघाची खूण आपल्या नाकापर्यंत पोचू शकते. पण आपण तिथे भात वाचतो, फूल वाचतो. वाघ मात्र नाक आक्रसून, ओठ वर करून तोच वास टाळूजवळच्या दुसऱ्या घ्राणेंद्रियापर्यंत नेतो आणि हद्द कोणाची, ते वाचतो.

वैशेषिकांनी गंध वस्तूत ठेवला. माझं म्हणणं एवढंच, की रेणू वस्तूत असतो. त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या जगण्यात असतो.

याला व्यवहाराची बाजूही आहे. मोहाखाली सगळीकडे फुलांचाच वास असतो, आणि एकाच वासात थोडा वेळ राहिलं की नाक बधिर होतं. तिथे वाघाची खूण वेगळी कळेल, या भरवशावर राहू नये. फुलं वेचायला एकटं जाऊ नये, बोलत-आवाज करत जावं, आणि एकाने तरी उभं राहून चौफेर नजर ठेवावी. ज्या जागी नाक वाचू शकत नाही, तिथे सोबतीचे डोळे आणि कान हवेत.