ठिपक्यांमधले अंतर : पिक्सेल पिचचा इतिहास

एलईडी पडद्यावरच्या एका पिक्सेलच्या मध्यापासून शेजारच्या पिक्सेलच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिक्सेल पिच. ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि आकड्याआधी ‘पी’ लावतात. पी १० म्हणजे दहा मिलिमीटर, पी २.५ म्हणजे अडीच. पिच निम्मे केले की पिक्सेल दुप्पट नव्हे, चौपट होतात. पी १० पडद्याच्या एका चौरस मीटरमध्ये १०,००० पिक्सेल मावतात, पी ५ मध्ये ४०,००० आणि पी २.५ मध्ये १,६०,०००. खर्चही याच चालीने चढतो. त्यामुळे बारीक ते चांगले, हा सरधोपट हिशेब या धंद्यात चालत नाही. बघणारा किती लांब उभा राहणार, हे आधी ठरवावे लागते.

हा प्रश्न एलईडीपेक्षा जुना आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या इमारतीभोवती धावत्या बातम्यांचा पट्टा ६ नोव्हेंबर १९२८ रोजी सुरू झाला आणि हर्बर्ट हूवर अध्यक्षपदी निवडून आल्याची बातमी त्याने रस्त्यावरच्या गर्दीला दिली. त्यात १४,८०० बल्ब होते. बातमीची अक्षरे छापखान्यातल्या खिळ्यांसारखी चौकटीत जुळवली जात. चौकट सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई, अक्षराचा उठाव खालच्या विद्युत संपर्कांना टेकला की बाहेरचा नेमका बल्ब पेटे, आणि अक्षर इमारतीला वळसा घालून चालल्याचा भास होई. वाचणारे चौकात, बऱ्याच अंतरावर उभे असल्याने विरळ बल्बही पुरत. अक्षरांसाठी ही रचना उत्तम होती, चित्रासाठी मात्र कुचकामी. बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ लागतो, त्यामुळे हलते चित्र मागे पुसट सावली सोडत जाते. शिवाय रंग हवा असेल तर काच रंगवावी लागते, आणि त्यात निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जातो.

चित्र दाखवणारा पहिला यशस्वी महापडदा जपानी कंपन्यांनी दिला. मित्सुबिशीचा ‘डायमंड व्हिजन’ १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बसला, तर सोनीने १९८५ च्या त्सुकुबा प्रदर्शनात ४० मीटर रुंद आणि २५ मीटर उंच ‘जंबोट्रॉन’ उभा केला. दोन्हींमध्ये पिक्सेल म्हणजे टीव्हीच्या नळीचेच छोटे भावंड, म्हणजे काचेची, निर्वात, फॉस्फरचा लेप दिलेली नळी होती. अशी नळी एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही. तिच्या काचेची जाडी आणि जोडण्यांची जागा पिचमध्ये धरावीच लागे. म्हणजे पिचचा आकडा अजून प्रेक्षकाच्या हातात नव्हता, काचेच्या हातात होता.

एलईडी तोवर अस्तित्वात होता, पण अपुरा. निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली दृश्य लाल प्रकाशाचा एलईडी बनवला. पिवळा आणि पोपटीकडे झुकणारा हिरवाही पुढे आला. लाल आणि हिरवा एकत्र पेटवले की नारिंगी मिळतो, एवढ्या भांडवलावर रेल्वे स्थानकांचे, बँकांचे आणि बसचे सूचनाफलक कित्येक वर्षे चालले. अडले होते ते निळ्यावर. जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी सिद्ध केला, पाठोपाठ खरा हिरवाही आला, आणि तीन मूळ रंगांचा संच पुरा झाला. या निळ्या दिव्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रसिद्धी घरगुती पांढऱ्या दिव्याला मिळाली. मोठ्या पडद्याचा धंदाही त्याच शोधावर उभा आहे, याची आठवण सहसा कुणी ठेवत नाही.

निळा हाती आल्यावर चार वर्षांत, एप्रिल १९९७ मध्ये, आयरिश बँड ‘यूटू’ने ‘पॉपमार्ट’ दौरा काढला. मागे सुमारे ५० मीटर रुंदीचा एलईडी पडदा, घडी घालून ट्रकमध्ये भरता येईल असा. तो माँट्रियलच्या साको कंपनीच्या तंत्रावर बनला होता. पिक्सेलमधले अंतर तेव्हा मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्येच मोजावे लागे. जवळून पाहिले तर नुसते सुटे दिवे. पण प्रेक्षक स्टेडियमभर पसरलेले, आणि दृश्येही ठसठशीत रेषांची, सपाट रंगांची निवडलेली. विरळ पिचला साजेसे चित्र निवडणे हाही पिच निवडण्याचाच भाग आहे, हे त्या संघाने नेमके ओळखले होते.

त्यानंतरची दहाएक वर्षे उघड्यावरच्या पडद्यांवर राज्य केले ते गोल डोक्याच्या सुट्या दिव्यांनी. लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे दिवे पत्र्यात शेजारी शेजारी रोवलेले, त्यामुळे पी २०, पी १६, पी १० हेच नेहमीचे आकडे. याच काळात ‘व्हर्च्युअल पिच’ नावाची चलाखी रूढ झाली. एकच दिवा आळीपाळीने शेजारच्या चार पिक्सेलमध्ये मोजायचा आणि पी १६ चा पडदा पी ८ म्हणून खपवायचा. चित्रे थोडी मऊ दिसत हे खरे, पण बारीक अक्षर तसेच फुटके राही.

पी १० चा एकरंगी मॉड्यूल महाराष्ट्रात आजही गल्लोगल्ली दिसतो. औषधाच्या दुकानावर, पतसंस्थेच्या दारावर, देवळाच्या कमानीवर लाल अक्षरांची सरकती पाटी असते ती हीच. हा मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचा, म्हणजे आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके. रोमन अक्षराला पाच बाय सात ठिपके पुरतात, तेव्हा इंग्रजी मजकूर त्यात ऐसपैस बसतो. देवनागरीची गोष्ट वेगळी. शिरोरेषेला एक ओळ, तिच्यावर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची उतरंड. ‘महाराष्ट्र’ लिहायला घेतले की ‘ष्ट्र’ बसवताना सोळा ओळी अपुऱ्या वाटू लागतात, आणि मग अनेक पाट्यांवर उकार चिरडलेले किंवा रफार शिरोरेषेत बुडालेले दिसतात. मराठी पाटीसाठी त्याच उंचीत अधिक ओळी, म्हणजे बारीक पिच लागते. नाहीतर दोन मॉड्यूल एकावर एक लावून पाटीच मोठी करावी लागते. पाटी विकणारे हे क्वचितच सांगतात.

पिच झपाट्याने उतरले ते तीनही रंगांचे कण एकाच चौकोनी कवचात बसवून ते यंत्राने सर्किटवर चिकटवता येऊ लागल्यावर. भाड्याने जाणाऱ्या पडद्यांमध्ये ५०० मिलिमीटर रुंदीची कॅबिनेट जवळपास प्रमाण ठरली आणि त्यातून दशांशांचे ते विचित्र आकडे जन्मले. ५०० ला १०४ ने भागले की ४.८१, १२८ ने भागले की ३.९१, १९२ ने भागले की २.६०. पी ३.९१ मध्ये गूढ काही नाही. अर्ध्या मीटरमध्ये १२८ ठिपके, एवढेच. सभा, लग्ने आणि गणेशोत्सवाच्या मंडपांत दिसणारे भाड्याचे पडदे बहुतेक याच घरातले.

मग योग्य आकडा कोणता? निकोप डोळ्याला सुमारे एक कलेच्या कोनाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. सहा बाय सहाच्या दृष्टीची व्याख्याच त्यावर बेतलेली आहे. एका मिलिमीटरचे अंतर हा कोन सुमारे ३.४ मीटरवर करते. म्हणजे पी ४ चे ठिपके पूर्ण मिसळायला साडेतेरा-चौदा मीटर लांब जावे लागेल. धंद्यातला ठोकताळा याहून सैल आहे : जितके मिलिमीटर तितके मीटर. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या कामांसाठी. नाचगाण्याचे किंवा क्रिकेटचे हलते चित्र सैल पिच खपवून घेते, पण नकाशा, आकड्यांचे तक्ते आणि बारीक मजकूर घेत नाही. नियंत्रण कक्षाचा पडदा मीटरमागे मिलिमीटर या हिशेबाने घेतला, तर दिवसभर त्याच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास ठरलेला.

अडीच मिलिमीटरच्या खाली आले की अडचणींची जात बदलते. पी १.२५ च्या एका चौरस मीटरमध्ये ६,४०,००० पिक्सेल, म्हणजे १९,२०,००० कण. लाखात एक कण सदोष निघाला तरी मीटरमागे एकोणीस. दोन कॅबिनेटमधली फट पिचच्या मानाने नगण्य हवी. ती जरा वाढली की काळी रेघ, जरा दबली की पांढरी. म्हणून जोडणी करणारे कारागीर पडद्यावर एकसारखा करडा रंग लावून बारीक स्क्रू फिरवत तासन्‌तास बसतात. कॅबिनेटचा कोपरा जमिनीवर टेकला तर कडेचे कण मोहरीसारखे गळून पडतात. हे टाळण्यासाठी कण थेट सर्किटवर बसवून वरून राळेचा थर देण्याची पद्धत आली. दुसरी दिशा कण स्वतःच लहान करण्याची. सोनीने २०१६ मध्ये १.२६ मिलिमीटर पिचचा पडदा आणला, त्यातला प्रत्येक कण अवघा ०.००३ चौरस मिलिमीटरचा. पडद्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग त्यामुळे काळा राहिला, आणि चित्रातला काळा रंग खरोखर काळा दिसू लागला. पिच तेच ठेवून कण लहान करण्याचा हा फायदा नुसत्या ‘पी’च्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

चित्रपटाच्या जगात दोन आकडे टिकले. सोलच्या लोटे वर्ल्ड टॉवरमधल्या चित्रपटगृहात जुलै २०१७ मध्ये सॅमसंगचा एलईडी पडदा प्रोजेक्टरच्या जागी आला. रुंदी १०.२४ मीटर, आडवे ४,०९६ पिक्सेल, म्हणजे पिच बरोबर अडीच मिलिमीटर. २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेसाठी नटांभोवती उभारलेल्या भिंतीचे पिच २.८४ होते. तिथे बघणारा डोळा नव्हता, कॅमेरा होता. कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी आणि पडद्याची जाळी एकमेकांवर पडली की चित्रावर लाटांची नक्षी उमटते. ती टाळायला भिंत फोकसच्या किंचित बाहेर ठेवावी लागे, आणि दृश्यांची आखणीही त्याच बेताने करावी लागे.

लास वेगासमध्ये आज दोन्ही टोके एकाच शहरात दिसतात. तिथल्या फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या छतावर १९९५ मध्ये सुमारे वीस लाख बल्ब होते, २००४ मध्ये त्यांच्या जागी सव्वा कोटी एलईडी आले आणि २०१९ मध्ये ते सुमारे पाच कोटींवर गेले. बघणारे थेट छताखाली चालतात, तेव्हा दाटी वाढवणे तिथे सार्थच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यूटू’च्याच कार्यक्रमाने खुल्या झालेल्या ‘स्फीअर’ या गोलाकार वास्तूने मात्र उलटा हिशेब केला. आतल्या पडद्याचे पिच काही मिलिमीटरचे आहे, पण सुमारे ५४,००० चौरस मीटरच्या बाहेरच्या कवचावर फक्त बारा लाखांच्या आसपास चकत्या आहेत, एकमेकींपासून आठ इंचांवर. प्रत्येक चकतीत ४८ कण असले तरी चित्राच्या दृष्टीने ती चकती म्हणजे एकच ठिपका. दोन्ही पडदे ‘पॉपमार्ट’वाल्या साकोनेच दिले. कवचाला पी १० वापरले असते तर चोपन्न कोटी पिक्सेल लागले असते, आणि सातशे मीटरपलीकडे उभ्या माणसाला फरक कळला नसता.