फ्रीलान्स करारावर सही करण्याआधी: करासाठी तुम्ही कर्मचारी की व्यावसायिक?

'तुम्हाला कन्सल्टंट म्हणून घेतोय. महिन्याला ६० हजार, टीडीएस वजा होऊन मिळतील. कराराची पीडीएफ पाठवली आहे, आजच सही करून पाठवा.' आयटी, मीडिया, डिझाइन, कंटेंट, कोचिंग क्लासेस अशा अनेक क्षेत्रांत तरुणांना असा मेल येतो. काम रोजचं, वेळ दहा ते सात, वर बॉस एकच. पण कागदावर तुम्ही कर्मचारी नाही.

मग करासाठी तुम्ही नेमके कोण? टीडीएस किती कापला जाणार, जीएसटी कोण भरणार, पीएफ मिळणार का, हे सगळं या एका प्रश्नावर ठरतं. त्याचं उत्तर सहीआधी शोधायला हवं. सहीनंतर अटी बदलून घेणं खूप अवघड असतं.

नावावर ठरत नाही, मग कशावर?

करारात 'कन्सल्टंट' किंवा 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहिलं म्हणजे विषय संपला, असं नाही. कायदा नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध पाहतो. नोकरीचा करार वेगळा आणि सेवा पुरवण्याचा करार वेगळा. नोकरीत काय करायचं आणि कसं करायचं, दोन्ही मालक सांगतो. सेवेच्या करारात काय हवं ते ग्राहक सांगतो, कसं करायचं ते तुम्ही ठरवता.

सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात ही कसोटी वापरली. सौराष्ट्रातल्या मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांना उत्पादनाप्रमाणे पैसे मिळत आणि ते स्वतःचे मजूरही आणू शकत. तरीही कंपनीची कामावर देखरेख आणि नियंत्रण होतं, म्हणून ते कामगार ठरले. तो वाद कामगार कायद्याचा होता, पण नियंत्रणाची ही कसोटी करविषयक वादांतही पाहिली जाते. पुढच्या निकालांनी मात्र स्पष्ट केलं की नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही, सगळ्या अटी एकत्र पाहायच्या.

करातलं जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. रुबी हॉल क्लिनिक चालवणारं ग्रँट मेडिकल फाउंडेशन सल्लागार डॉक्टरांना मिळणारी रक्कम व्यावसायिक शुल्क मानून टीडीएस कापत होतं. आयकर विभागाचं म्हणणं होतं की हा पगारच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विभागाचं अपील फेटाळलं. या डॉक्टरांना पीएफ, ग्रॅच्युइटी असे लाभ नव्हते आणि स्वतःचे रुग्ण पाहण्याची मोकळीक होती, अशा बाबी त्यात महत्त्वाच्या ठरल्या.

पैशांत फरक किती पडतो?

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

महिना ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. हा पगार असेल तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत असल्याने कर शून्य. कंपनी टीडीएस कापणार नाही.

हीच रक्कम व्यावसायिक शुल्क असेल तर कलम १९४जे खाली १० टक्के कापले जातात. हातात ५४ हजार येतात. वर्षभरात ७२ हजार रुपये सरकारकडे अडकतात आणि रिटर्न भरल्यावर परत मिळतात. हे टाळायचं असेल तर कमी टीडीएसच्या प्रमाणपत्रासाठी आयकर विभागाकडे अर्ज करता येतो. पॅन दिला नसेल तर कपात थेट २० टक्के. काही तांत्रिक सेवांवर हा दर २ टक्के आहे. काही कामं कंत्राट प्रकारात बसतात, तिथे व्यक्तीसाठी १ टक्का. त्यामुळे करारात नुसतं 'नियमानुसार टीडीएस' असेल तर कोणत्या कलमाखाली, ते विचारा.

उत्पन्न जास्त असेल तर चित्र उलटं होतं. समजा, वर्षाला २४ लाख. पगार असेल तर प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह सुमारे २ लाख ९२ हजार कर बसतो. पण तुम्ही कलम ४४एडीए मध्ये बसत असाल तर किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची असते. निम्मी म्हणजे १२ लाख, आणि त्यावर कर शून्य. नोकरीला 'कन्सल्टन्सी' म्हणण्याचा मोह इथूनच येतो, आणि प्रत्यक्ष संबंध नोकरीचा असेल तर आयकर विभागाचा आक्षेपही इथेच येऊ शकतो.

४४एडीए सगळ्यांना लागू नाही. वैद्यकीय, कायदा, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलाकार अशा ठरावीक व्यवसायांचीच ही यादी आहे. कंटेंट लेखन किंवा अनुवाद यांची नावं त्यात थेट नाहीत. वार्षिक जमा रकमेची मर्यादा ५० लाख आहे, रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

आणि कर वाचला म्हणजे फायदाच झाला, असंही नाही. पीएफमधला कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, प्रसूती रजा, आरोग्य विमा हे सगळं सुटतं. शुल्क ठरवताना त्याची किंमत धरा.

करारातली कोणती कलमं तपासायची?

कामाची वेळ आणि जागा: ठरावीक तास, हजेरी, रजेसाठी परवानगी असेल तर कल नोकरीकडे जातो.

दुसरीकडे काम करण्यावर बंदी: व्यावसायिकाला अनेक ग्राहक असू शकतात. पूर्ण बंदी असेल तर तुम्ही स्वतंत्र आहात हे सिद्ध करणं अवघड.

मोबदला: दर महिन्याला ठरावीक रक्कम की कामागणिक बिल? ठरावीक रक्कम आहे म्हणून लगेच नोकरी ठरत नाही, पण इतर अटींसोबत ती मोजली जाते.

साधनं आणि जोखीम: लॅपटॉप कोणाचा, चूक झाली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, काम दुसऱ्याकडून करून घेता येतं का?

जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, काही राज्यांत १० लाखांवर. करारात 'शुल्क सर्व करांसह' असेल तर जीएसटी तुमच्या खिशातून जातो. महिना २ लाखांच्या अशा शुल्कात १८ टक्के दराने सुमारे ३० हजार ५०० रुपये कर असतो. 'जीएसटी लागू असल्यास वेगळा' एवढे शब्द घालून घ्या. ग्राहक जीएसटी नोंदणीकृत असेल तर बहुतेक वेळा त्याला या रकमेचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे ही मागणी पटवता येते. खऱ्याखुऱ्या नोकरीच्या पगारावर मात्र जीएसटी लागतच नाही.

इंडेम्निटी: हे कलम हमखास वाचायचं राहून जातं. पुढे कर विभागाने ही रक्कम पगार ठरवली तर कमी कापलेल्या टीडीएसची जबाबदारी मुळात कंपनीवर येते. 'कर, व्याज आणि दंडाची भरपाई कन्सल्टंट करेल' असं वाक्य असेल तर कंपनी ते ओझं तुमच्याकडे वळवू शकते. ते काढून घ्या, किंवा तुमची जबाबदारी तुमच्या स्वतःच्या आयकरापुरती आणि जीएसटीपुरती ठेवा.

परदेशी ग्राहक असेल तर?

भारतीय नियमाने टीडीएस कापणारं सहसा कोणी नसतं, म्हणून अग्रिम कर तुम्हीच भरायचा. वर्षाचा देय कर १० हजार किंवा जास्त असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्ते असतात. ४४एडीए घेणाऱ्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. सेवा निर्यातीच्या अटी पूर्ण होत असतील तर एलयूटी भरून जीएसटी न लावता बिल करता येतं. पण २० लाखांची मर्यादा मोजताना निर्यातही धरली जाते.

तपासून कोणाकडून घ्यायचा?

कराच्या प्रश्नांसाठी चार्टर्ड अकाउंटंट, इंडेम्निटी, नोटीस, बंदी अशा अटींसाठी वकील. फक्त मसुदा देऊ नका, रोजचं काम कसं चालणार तेही सांगा, कारण निर्णय त्यावरच होतो. आणि हे पाच प्रश्न विचारा:

१. या अटींवर मी कर्मचारी ठरण्याची शक्यता किती?
२. टीडीएस कोणत्या कलमाखाली आणि किती?
३. मला ४४एडीए लागू होतं का?
४. जीएसटी नोंदणी लागेल का, कधी?
५. कोणतं वाक्य बदलल्याशिवाय सही करू नये?

उत्तर मेलवर लेखी घ्या. कंपनीला कळवताना संकोच नको. 'मसुदा मिळाला, धन्यवाद. करविषयक अटी सल्लागाराला दाखवून तीन दिवसांत कळवते' एवढं पुरेसं आहे.

कलमांचे क्रमांक बदलले आहेत का?

हो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक नवे आहेत. १९४जे, ४४एडीए हे १९६१ च्या कायद्यातले आहेत. करारात जुना क्रमांक दिसला तर दुरुस्त करून घ्या. नोकरी की व्यवसाय, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो.

शेवटी एक सोपी चाचणी. उद्या तुम्ही दुसऱ्या ग्राहकाचं काम घेतलं किंवा दुपारी दोनला लॅपटॉप बंद केला, तर ही कंपनी काय म्हणेल? 'काम वेळेत द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा' असं म्हणणार असेल तर करार सेवेचा आहे. 'कोणाला विचारून?' असं म्हणणार असेल, तर कन्सल्टंट हा शब्द खोडून नोकरीच्या अटी मागायची वेळ सहीआधीचीच आहे.