‘प्रति सरकार’ की ‘पत्री सरकार’? : सातारच्या समांतर शासनाच्या नामाभिधानाचा प्रश्न

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनातून जी मोजकी समांतर शासने उभी राहिली, त्यांत बंगालमधील ताम्रलिप्त जातीय सरकार, संयुक्त प्रांतातील बलिया आणि तत्कालीन सातारा जिल्हा यांचा प्रामुख्याने उल्लेख होतो. बलियाचा प्रयोग काही दिवसांतच संपला. सातारचा १९४३ ते १९४६ या काळात टिकून राहिला. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या या चळवळीवर बरेच लेखन झाले आहे. मात्र तिच्या नावाबाबत अद्याप एकमत नाही. प्रस्तुत लेखात या नामवादाचा विचार केला आहे.

‘प्रति सरकार’ या नावाचा अर्थ उघड आहे. प्रति म्हणजे समांतर, पर्यायी. वडूज (९ सप्टेंबर १९४२) व इस्लामपूर (१० सप्टेंबर १९४२) येथील मोर्चांवर गोळीबार झाल्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि पुढे न्यायदान मंडळे, तुफान सेना, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ असा कारभार उभा राहिला. गावच्या पंचांसमोर जमिनीचे, कर्जाचे, नांदण्याचे तंटे तुटू लागले. ज्याचे निवाडे लोक मानतात ते सरकारच, हा दावा या नावात आहे.

‘पत्री सरकार’ हे नाव मात्र गोठ्यातून आलेले आहे. घोड्याला नाल ठोकतात. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला लोखंडाच्या पातळ पट्ट्या, म्हणजेच पत्र्या, मारतात. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे आणि गोरगरिबांना छळणारे सावकार यांच्या पायांना अशाच पत्र्या ठोकल्या जात, अशी वदंता सर्वत्र पसरली. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे फटके मारण्याच्या शिक्षेला ‘पत्री मारणे’ म्हणत, असे चळवळीतील मंडळी सांगत आली. दोन्हींत अंतर मोठे आहे. खिळे ठोकण्याची कथा खरी मानली, तर चळवळ दहशतीची ठरते. सरकारपक्षाला ते सोयीचेच होते.

‘पत्री’ हा ‘प्रति’चा केवळ ग्रामीण अपभ्रंश होय, असे एक मत आहे. ते पुरेसे वाटत नाही. बोलीत ‘प्रकार’चे ‘परकार’ होते, ‘प्रसंग’चे ‘परसंग’ होते. त्या न्यायाने ‘प्रति’चे ‘परती’ व्हावयास हवे होते. ‘र’ पुढे सरकून ‘पत्री’ होणे अशक्य नाही, पण तसे होण्यास कारण लागते. ते कारण शेतकऱ्याच्या तोंडी आधीपासून असलेला ‘पत्री’ हा शब्द आणि त्या शिक्षेची कीर्ती हेच असावे. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाने ओढून घेतले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. (स्थलनामांतही हेच दिसते. ठाणे जिल्ह्यातील घोडबंदर पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये मराठ्यांकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेले. पण लोकांनी त्याचा अर्थ लावला तो घोड्यांच्या व्यापारावरून.)

याउलट, ‘पत्री’ हे नाव मूळचे आणि ‘प्रति’ हा सुशिक्षितांनी त्यावर केलेला संस्कार, असाही तर्क करता येईल. पण चळवळीची घडण पाहता तो टिकत नाही. मंडळे, सेना, पंच अशी रचना करणाऱ्यांना आपण पर्यायी राज्य चालवीत आहोत याचे भान होते. ते भान नंतर चिकटवलेले नव्हे.

तेव्हा दोन्ही नावे एकाच काळची, परंतु दोन वेगळ्या तोंडांची मानावी लागतात. चरित्रग्रंथांत व शासकीय समारंभांत ‘प्रति’ रूढ झाले. ‘पत्री’ला अशुद्ध ठरवून पाठ्यपुस्तकांबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती मात्र घातक आहे. जो शेतमजूर न्यायदान मंडळापुढे फिर्याद घेऊन उभा राहिला, त्याने संविधानशास्त्रातील समांतर सत्तेची कल्पना वाचलेली नव्हती. गावगुंडाला शासन होते, हे त्याने पाहिले होते, आणि त्या शासनाला त्याने आपल्या बैलाच्या खुराजवळचा शब्द दिला.